अभ्यासिकेतलं नेट: १०० एमबीपीएस असूनही लाइव्ह लेक्चर अडतं. लिनक्सच्या क्यूओएसने सुटेल का?

अभ्यासिकावाला | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. नागपुरात मानेवाडा रोडला माझी अभ्यासिका आहे. दोन मजले, ६४ खुर्च्या. पोरंपोरी एमपीएससी, पोलीस भरती, बँकेच्या परीक्षा वगैरे करतात. सकाळी ६ ते रात्री ११ चालू.

लाइन केबलवाल्याची फायबर आहे. खाली (डाउनलोड) १००, वर (अपलोड) ३० मिळतं. राऊटर म्हणून एक जुना असेंबल्ड पीसी आहे, त्यात दोन लॅन कार्डं. भाच्याने उबंटू लिनक्स टाकून दिलं होतं, तो आता बंगळुरूला असतो आणि फोन उचलत नाही.

त्रास असा की संध्याकाळी ७ ते १० सगळ्यांची लाइव्ह लेक्चरं असतात आणि नेमकं तेव्हाच चित्र थांबतं, आवाज तुटतो. केबलवाल्याला बोलावलं तर तो मोबाइलवर स्पीड टेस्ट लावतो, ९५ दाखवतो आणि "साहेब, नेट तर मस्त येऊन राहिलं" म्हणून गाडीला किक मारतो. टेस्ट मीही करून पाहिली. आकडा खरंच येतो. मग लेक्चर का अडतं?

कोणीतरी म्हणालं की लिनक्सच्या कर्नलमध्येच (म्हणजे गाभ्यातच) क्यूओएस असतं, म्हणजे कोणता डेटा आधी सोडायचा ते ठरवायची सोय, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. मला एवढंच सांगा, लेक्चरला प्रायॉरिटी कुठे द्यायची?

इतवारीकर | सोमवार, रात्री १०:५८

काहून बाप्पा एवढी डोकेफोड करून राह्यले? २०० चा प्लॅन घ्या अन् मोकळे व्हा. ६४ पोट्टे अन् १०० ची लाइन, हिशोब कसा जुळन?

रात्रपाळी | सोमवार, रात्री ११:२०

मी मिहानमधल्या एका कंपनीत नेटवर्क सपोर्टला आहे, शिफ्ट सुरू आहे म्हणून थोडक्यात लिहितो.

दादा, प्लॅन बदलायच्या आधी एक करा. त्या उबंटूवरून बाहेरच्या एखाद्या पत्त्याला पिंग लावून ठेवा, म्हणजे निरोप जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागतात ते दिसेल. आधी कोणी नसताना आकडा लिहा. मग एका लॅपटॉपवरून मोठी फाइल अपलोडला लावा आणि पिंग बघत राहा. नंतर तेच डाउनलोडचं. तीन आकडे इथे टाका. स्पीड टेस्टच्या ९५ ने काहीच कळत नाही.

अभ्यासिकावाला | मंगळवार, सकाळी ६:१५

पोरं यायच्या आत केलं.

रिकामं असताना ६ मिलिसेकंद. डाउनलोड चालू असताना १४० ते १६०. अपलोड चालू केल्यावर ४८०! मला वाटलं मशीन बिघडलं, म्हणून दोनदा केलं. दोन्ही वेळा तेच.

इतवारीकर भाऊ, २०० च्या प्लॅनचे जास्तीचे पैसे पोरांच्या फीतूनच काढावे लागतील, म्हणून आधी हे बघतो.

माहेर_धरमपेठ | मंगळवार, सकाळी ९:३०

४८० बघून लिहायचा मोह आवरला नाही. मी पुण्यात राऊटरच्या फर्मवेअरचं काम करते, म्हणजे दिवसभर हेच.

दादा, आधी तुमच्या आकड्याचा हिशोब मांडू. ४८० मधून मूळचे ६ वजा केले की ४७४ मिलिसेकंद उरतात. प्रत्येक पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, एवढा वेळ नुसतं रांगेत उभं आहे. ३० मेगाबिटच्या वेगाने ४७४ मिलिसेकंदांत साधारण १४ मेगाबिट वाहतात, म्हणजे पावणेदोन मेगाबाइट. पूर्ण आकाराचं पॅकेट १,५०० बाइटचं धरलं तर १,२०० च्या आसपास पॅकेटं एकामागे एक दाटीने उभी. ही रांग तुमच्या पीसीत नाही. ती केबलवाल्याने भिंतीवर ठोकलेल्या त्या पांढऱ्या डब्यात आहे.

आता ६४ जणांच्या खिशातले फोन आठवा. पोरं आली, वायफाय लागलं आणि फोन गुपचूप फोटोंचा बॅकअप वर चढवायला लागले. अभ्यास करणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. त्यातून ती अपलोडची रांग भरते. लेक्चर तर खाली येतं, मग त्याला काय त्रास? तर खाली आलेल्या डेटाची पोच वर पाठवावी लागते आणि ती पोच त्याच १,२०० च्या मागे उभी राहते. पोच वेळेवर पोचली नाही की समोरचा सर्व्हर हात आखडता घेतो.

या दुखण्याचं नाव बफरब्लोट. २०१० मध्ये जिम गेटिस घरून मोठ्या फाइली वर चढवत होते आणि घरातल्या बाकीच्यांचं नेट मेलं, तिथून त्यांनी माग काढला आणि हे नाव रूढ केलं. मेमरी स्वस्त झाली तशी प्रत्येकाने आपल्या डब्यात मोठी रांग ठेवली, कारण पॅकेट पडणं (वाटेत टाकून दिलं जाणं) म्हणजे पाप अशी समजूत. पण टीसीपीला, म्हणजे पाठवण्याचा वेग ठरवणाऱ्या नियमाला, वेग कमी कर हे सहसा कळतं ते पॅकेट पडल्यावरच. रांग पडू देत नाही, तोवर तो बिचारा वेग वाढवत राहतो.

इतवारीकर भाऊ, २०० ने थोडा फरक पडेल, खोटं नाही बोलत. त्याच डब्यातली तीच रांग दुप्पट वेगाने रिकामी होईल, थांबणं निम्मं होईल. पण बॅकअप घेणारा फोन २०० ही भरतो. त्याला मर्यादा माहीतच नसते.

आणि "प्रायॉरिटी कुठे द्यायची" याचं उत्तर: अजून कुठेच नाही. आधी रांग स्वतःच्या हातात आणावी लागेल.

इतवारीकर | मंगळवार, सकाळी १०:०५

हातात आणायची म्हंजे? रांग काय सोन्याची साखळी आहे का ताई? मले सोप्या भाषेत सांगा.

माहेर_धरमपेठ | मंगळवार, सकाळी ११:१०

उन्हाळ्यात टँकर येतो ना वस्तीत? टँकरपाशी रांग लागली की तिथे आपलं काही चालत नाही. ज्याचं कोपर मोठं त्याचं पाणी. पण समजा घरातलेच सगळे टँकरच्या तोटीपेक्षा किंचित सावकाश निघाले, तर तोटीपाशी गर्दीच होत नाही. गर्दी होते आपल्या अंगणात, आणि अंगणात कोणाची बादली आधी ते आई ठरवते.

कर्नलमधलं क्यूओएस म्हणजे अंगणातली आई. तुमच्या पीसीचं लॅन कार्ड १ गिगाबिटचं, समोरची लाइन ३० ची. पीसी क्षणात सगळं डब्यात ढकलून मोकळा होतो, त्याच्याकडे रांग लागतच नाही, मग तो निवडणार कोणातून? म्हणून पीसीला सांगायचं की तू ३० चा नाहीस, तू २८ चा आहेस. दोन मेगाबिट सोडायचे. त्या दोनच्या बदल्यात सगळी रांग घरी येते.

लोक क्यूओएस चालू करतात, पण वेग बांधत नाहीत आणि मग "काही फरक पडला नाही" म्हणतात. फरक पडणार कसा?

जुनं_खोड | मंगळवार, दुपारी १:४५

ताईंच्या हिशोबाने जुने दिवस आठवले. सीताबर्डीला माझा सायबर कॅफे होता. ८ मशीन आणि ६४ केबीपीएसची लाइन. ६४ किलोबिट! त्या लाइनवर १,५०० बाइटचं एकच पॅकेट बाहेर पडायला १८७ मिलिसेकंद लागायचे. एकाने ईमेलला फोटो जोडला की बाकी सातांचं चॅट गप्प. गिऱ्हाइकं माझ्यावर ओरडायची.

तेव्हा विंडोज एक्सपीची एक भोंदू युक्ती फार पसरली होती. म्हणे विंडोज २० टक्के बँडविड्थ क्यूओएससाठी स्वतःकडे राखून ठेवतं, ग्रुप पॉलिसीत जाऊन तो आकडा शून्य करा. मी आठही मशीनवर केलं! गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगितलं की आता नेट २० टक्क्यांनी जास्त पळेल. नंतर कळलं की तो आकडा फक्त कमाल मर्यादा होती. एखाद्या प्रोग्रामने मागितलंच, तर जास्तीत जास्त एवढं राखता येईल. कोणी मागत नसेल तर सगळी लाइन सगळ्यांचीच. मायक्रोसॉफ्टने तसा खुलासाही केला होता, पण खुलासा वाचतो कोण.

शेवटी एका मशीनवर रेड हॅट लिनक्स टाकलं. कर्नल २.२ पासून हे ट्रॅफिक कंट्रोल लिनक्समध्ये आहे, त्यातलं बरंचसं अलेक्सी कुझनेत्सोव यांनी लिहिलेलं. पहिली गाठ सीबीक्यूशी पडली, ती वेग वाटून द्यायची त्यातली जुनी पद्धत. त्याला सरासरी पॅकेट किती बाइटचं ते सांगावं लागायचं. आता ते मला कसं ठाऊक असणार? अंदाजे टाकायचो, वेग भलताच यायचा. मग मार्टिन देव्हेरा यांचं एचटीबी आलं, २.४.२० मध्ये. साधा टोकनचा हिशोब: एवढ्या बाइटचे टोकन दर सेकंदाला मिळतील, टोकन असेल तर जा, नसेल तर शेजाऱ्याकडून उसनं घे. कमाल दर आणि हमीचा दर वेगळा. ते मला एका रात्रीत कळलं.

सीबीक्यू २०२३ मध्ये ६.३ कर्नलमधून काढूनच टाकलं म्हणे. मी त्या दिवशी घरी गोडाचं करायला सांगितलं होतं.

रात्रपाळी | मंगळवार, रात्री ११:५०

वेग बांधायचा हे मान्य. पण ताई, त्यानंतर वर्गवारी लागेलच ना? आम्ही ऑफिसात डीएससीपी लावतो, म्हणजे प्रत्येक पॅकेटवर त्याच्या वर्गाचा आकडा लिहितो. आवाजाला ४६, म्हणजे ईएफ (तातडीचा वर्ग). तो वर्ग कायम सगळ्यांच्या पुढे. अभ्यासिकेत लाइव्ह लेक्चर ४६ करायचं, बाकी सगळं मागे. प्रश्न मिटला.

माहेर_धरमपेठ | बुधवार, सकाळी ८:५०

ऑफिसात चालतं, कारण दोन्ही टोकांचे स्विच तुमचे आणि आवाजाची पॅकेटं थोडी. १९९८ च्या डिफसर्व्ह या मानकात हेच ठरलं होतं की हेडरमधल्या ६ बिटांत ६४ पैकी एक आकडा लिहा आणि वाटेतल्या प्रत्येक राऊटरने तो आपापल्या परीने मानावा. त्याआधी १९९७ च्या आरएसव्हीपीत तर प्रत्येक प्रवाहासाठी वाटेत सगळीकडे आरक्षण करायची कल्पना होती, ती इंटरनेटच्या आकाराला झेपली नाही. डिफसर्व्ह झेपलं, पण घरगुती लाइनच्या पलीकडे तुमचा ४६ पुसला गेला तर तक्रार कोणाकडे करणार? आणि लेक्चर खाली येतं. त्यावर तुम्ही शिक्का मारणार ते लाइन ओलांडून आल्यावर, म्हणजे वरातीमागून घोडं.

दुसरं, कायम पुढे या शब्दाची मला भीती वाटते. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असतं तेव्हा वर्धा रोडला उभे राहिला आहात ना? एक ताफा गेला की आपण हलायला लागतो, तोवर दुसरा येतो. ताफ्यातल्यांना रस्ता उत्तम असतो. आपल्याला दिवस संपेपर्यंत सिग्नल मिळत नाही. कर्नलमधलं प्रायो नावाचं क्यूडिस्क (रांग लावायची पद्धत) हेच करतं: वरच्या पट्टीत एक जरी पॅकेट असेल तरी खालच्या पट्टीकडे बघायचं नाही. अभ्यासिकेत ४० जण लाइव्ह लेक्चर बघत असतील, तर ४० ताफे. पीडीएफ उतरवणाऱ्याने घरी जावं.

(शिवाय लेक्चर आणि मनोरंजनाचा व्हिडिओ एकाच साइटवरून येतात. ओळखणार कसे? पोरं तुमच्यापेक्षा हुशार असतात.)

वर्गवारी न करताही बहुतेक काम होतं, ते दुपारी लिहिते. मीटिंग आहे.

माहेर_धरमपेठ | बुधवार, दुपारी ३:१५

तर. कर्नलमध्ये आयपीचं काम संपल्यावर आणि कार्डाच्या ड्रायव्हरला देण्याआधी पॅकेट एका जागी थांबतं, तिला क्यूडिस्क म्हणतात. पूर्वी तिथे पीफिफो-फास्ट असायचं, तीन पट्ट्या आणि कार्डाची नेहमीची १,००० पॅकेटांची रांग. पहिला आला पहिला गेला.

रांग फार वाढण्याआधीच थोडी पॅकेटं टाकावीत ही कल्पना जुनी आहे. सॅली फ्लॉइड आणि व्हॅन जेकबसन यांचं रेड १९९३ चं. पण त्यात किती लांबीला किती टाकायची हे प्रत्येक लाइनसाठी वेगळं जुळवावं लागायचं, म्हणून ते असूनही लोक चालू करत नसत. जेकबसन आणि कॅथलीन निकोल्स यांनी २०१२ मध्ये कोडेल आणलं. त्यांनी लांबी मोजणंच सोडलं. रांगेत १०० पॅकेटं आहेत हे चांगलं की वाईट? १ गिगाबिटला काहीच नाही, ६४ केबीपीएसला अनर्थ. म्हणून पॅकेट आत आलं की त्यावर वेळ लिहायची आणि बाहेर निघताना विचारायचं, बाबा किती थांबलास? कमीत कमी थांबणंसुद्धा सलग १०० मिलिसेकंद ५ मिलिसेकंदांच्या वर राहिलं तर एक टाकायचं. तरी सुधारलं नाही तर पुढचं जरा लवकर, मग आणखी लवकर. ५ आणि १०० हे दोन आकडे बहुतेक कोणाला बदलावे लागत नाहीत. म्हणूनच ते टिकलं.

त्याच वर्षी एरिक ड्युमाझे यांनी त्याला न्याय्य वाटप जोडलं: एफक्यू-कोडेल, कर्नल ३.५. एका रांगेच्या १,०२४ रांगा. प्रत्येक जोडणी हॅश होऊन (एका ठरावीक गणिताने) आपल्या रांगेत पडते आणि पाळीपाळीने थोडे थोडे बाइट सुटतात. यातली मला सर्वात आवडणारी गोष्ट अशी की जी रांग आत्ताच जागी झाली तिला आधी सोडतात. कोण आत्ताच जागं होतं? ज्याचं एखाददुसरंच पॅकेट आहे ते: डीएनएसची (साइटचा पत्ता शोधायची) चौकशी, डाउनलोडची पोच, कॉलवरचा आवाज. बॅकअपची रांग कायम भरलेली, त्यामुळे तिला नव्याचा मान कधीच मिळत नाही. म्हणजे कोण महत्त्वाचा हे कोणी लिहून दिलेलं नाही, तरी जो कमी मागतो तो आधी जातो. डीएससीपीही लागत नाही आणि कोणाचा व्हिडिओ कोणता हेही बघावं लागत नाही.

आता तुमच्या उबंटूवर एफक्यू-कोडेल आधीपासून असेल. सिस्टमडीने (लिनक्स सुरू करून सांभाळणारा प्रोग्राम) २०१४ च्या २१७ आवृत्तीपासून तेच नेहमीचं केलं. पण वर लिहिलं तसं, वेग बांधला नसेल तर ते नुसतं बसून आहे.

इतवारीकर | बुधवार, दुपारी ४:००

हे बम भारी आहे. आमच्या दुकानात असंच करते बाबा. ज्याले एकच पुडा पायजे त्याले आधी देऊन काढते, यादीवाला बसते बाकावर.

खुर्ची_४१ | बुधवार, सायंकाळी ५:२०

काका, मी तुमच्याच अभ्यासिकेत वरच्या मजल्यावर बसतो. हा धागा गेले दोन दिवस वाचून राहिलो, आज खातं काढलं.

ताई, एक शंका. जोडणीला एक रांग म्हणता, तर ज्याने डाउनलोड मॅनेजर लावून एका फाइलच्या ३२ जोडण्या केल्या त्याला ३२ वाटे मिळणार आणि लेक्चर बघणाऱ्याला एक. हे न्याय्य कसं?

अभ्यासिकावाला | बुधवार, सायंकाळी ५:३१

३२ हा आकडा तुला कसा माहीत रे?

खुर्ची_४१ | बुधवार, सायंकाळी ५:३४

काका, जुन्या प्रश्नपत्रिका होत्या. सात जीबी.

माहेर_धरमपेठ | बुधवार, रात्री ९:४०

४१ चा प्रश्न अगदी बरोबर आहे आणि नेमका यासाठीच केक आहे. कर्नल ४.१९ मध्ये, २०१८ ला आलं. वेग बांधणं, कोडेल, वाटप हे सगळं एकाच क्यूडिस्कमध्ये. त्याला सांगता येतं की आधी माणसामाणसांत वाटा, मग प्रत्येकाच्या वाट्यात त्याच्या जोडण्या भांडू देत. ३२ जोडण्या असोत की १, खुर्चीला एक वाटा.

पण एक खाच आहे आणि तिथे बरेच जण अडकतात. तुमचा पीसी नॅट करतो. बाहेरच्या कार्डापर्यंत येताना सगळ्या ६४ जणांचे पत्ते पुसून एकच पत्ता झालेला असतो. केकला वाटतं घरात एकच माणूस. म्हणून त्याला "नॅट" हा शब्द द्यायचा, मग तो कर्नलच्या जोडण्यांच्या नोंदवहीत बघून आतला खरा पत्ता काढतो.

फोनवर सांगावं तसं लिहिते, मॅन पानात (कमांडच्या मदतीच्या पानात) स्पेलिंग बघून घ्या. बाहेरच्या कार्डाच्या मुळाशी केक, बँडविड्थ २८ एमबिट, नॅट, ड्युअल-एसआरसी-होस्ट. हे झालं वर जाणारं.

खाली येणारं जरा विचित्र आहे. कर्नल आलेल्या पॅकेटांची अशी रांग लावत नाही, म्हणून आयएफबी नावाचं खोटं कार्ड उभं करायचं, आलेलं सगळं तिकडे वळवायचं आणि त्या खोट्या कार्डावर केक बसवायचं: ८८ एमबिट, नॅट, ड्युअल-डीएसटी-होस्ट, इनग्रेस. १०० चे ८८ का, तर वर जाताना लगाम आपल्या हातात असतो. खाली येणारं पॅकेट लाइन ओलांडून आलेलंच असतं. ते टाकून आपण फक्त पाठवणाऱ्याला चिमटा काढतो आणि तो सावध होईपर्यंत थोडी मोकळी जागा ठेवावी लागते.

जुनं खोड काका विचारतील एचटीबीवर एफक्यू-कोडेल का नको. चालेल, वर्षानुवर्षं तसंच चालायचं. पण कार्ड आणि कर्नल मिळून छोट्या पॅकेटांचा ६४ किलोबाइटपर्यंतचा गठ्ठा बांधतात, कष्ट वाचवायला. ३० मेगाबिटवर असा एक गठ्ठा जायला साडेसतरा मिलिसेकंद. केक तो सोडून मोकळा करतं.

जुनं_खोड | बुधवार, रात्री १०:१५

विचारणारच होतो. गप्प बसतो.

एकच जोडतो. अभ्यासिकेत पीपीपीओईने (नाव-पासवर्ड देऊन लाइन जोडायची पद्धत) लॉगिन होत असेल तर प्रत्येक पॅकेटला ८ बाइटचं जास्तीचं ओझं असतं. ओव्हरहेड म्हणून आकडा देता येतो तो द्या. छोट्या पॅकेटांची गर्दी असली की हे ८ बाइट बोलतात.

अभ्यासिकावाला | गुरुवार, रात्री ११:३०

केलं, आणि आधी फसलं.

घाईत मी केक आतल्या कार्डावर बसवलं, जे वायफायच्या डब्यांकडे जातं, आणि २८ ची मर्यादा तिथे लागली. सगळ्यांचं डाउनलोडच २८ वर. १५ मिनिटांत खाली सहा पोरं उभी. ४१ ने येऊन सांगितलं की काका, दिशा उलटी झाली. बाहेर आणि आत या दोन कार्डांवर आता मार्करने लिहून ठेवलं आहे.

मग नीट केलं. आकडे: अपलोड चालू असताना पिंग ४८० चा ११ ते १४ झाला. डाउनलोडला १५० चा १८ च्या आसपास. आज ७ ते १० एकही तक्रार नाही, फक्त वरच्या मजल्यावर कोपऱ्यातल्या दोन खुर्च्यांना अजून अडतं.

अपलोडची स्पीड टेस्ट आता २६ दाखवते. केबलवाल्याला हे सांगू नका.

रात्रपाळी | शुक्रवार, पहाटे २:१०

कोपऱ्यातल्या खुर्च्यांचं दुखणं वेगळं, ते वायफायचं. तिथे सिग्नल कमी म्हणून डबा सावकाश बोलतो, आणि एक सावकाश बोलला की त्याच हवेतले बाकीचेही खोळंबतात. तुमच्या पीसीतलं केक तिथे पोचत नाही, कारण त्या हवेची रांग वायफायच्या डब्यात आहे. वर एक डबा वाढवा, केबल ओढून. रिपीटर नको.

आणि ताई, ४६ चा हट्ट मी सोडला. ऑफिसात मात्र राहू देतो.

इतवारीकर | शुक्रवार, सकाळी ९:००

एक अडाणी प्रश्न. हे कर्नलचं क्यूओएस फक्त नेटपुरतंच आहे का? माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर बॅकअप चालू झाला का बिलिंग झोपते.

माहेर_धरमपेठ | शुक्रवार, सकाळी ९:४५

अडाणी नाही. प्रोसेसरचा वेळ, डिस्क, सगळीकडे हाच प्रश्न की कोणी किती थांबायचं. लिनक्सने २००७ मध्ये, २.६.२३ ला, प्रोसेसरसाठी न्याय्य वाटपाचं सीएफएस घेतलं आणि २०२३ ला ६.६ पासून त्याच्या जागी ईईव्हीडीएफ आलं, त्यात कोणाला पटकन पाळी हवी याचाही विचार आहे. डिस्कसाठी बीएफक्यू आहे, ४.१२ पासून. पण तुमचं दुकानातलं मशीन विंडोज असेल तर यातलं काहीच लागू नाही. बॅकअप रात्री दुकान बंद झाल्यावर लावा.

इतवारीकर | शुक्रवार, सकाळी ९:५२

हाव, विंडोजच आहे. रात्री लावतो.

अभ्यासिकावाला | सोमवार, रात्री १०:२०

आठवडा झाला. दोन गोष्टी विचारायच्या आहेत.

एक, शनिवार-रविवार रात्री ९ नंतर पुन्हा १०० च्या वर पिंग गेला. केक तसंच होतं, काही बदललं नव्हतं.

दुसरी जरा काळजीची. क्यूडिस्कची आकडेवारी बघितली तर तिथे पडलेली पॅकेटं ४१ हजार! (खुर्चीचा संबंध नाही, योगायोग.) एवढी पॅकेटं माझा पीसी फेकून राहिला तर पोरांचा डेटा हरवत असेल ना? जुना पीसी आहे, बदलायला झाला का?

माहेर_धरमपेठ | मंगळवार, सकाळी ८:३०

पहिलं: रात्री ९ नंतर तुमच्या केबलवाल्याकडेच गर्दी होत असणार, १०० ची लाइन ७०-७५ वर येत असणार. तुम्ही ८८ वर बांधलं आहे, म्हणजे रांग परत पलीकडे गेली. आपण बांधलेला आकडा लाइनपेक्षा वर गेला की आई अंगणात एकटीच. त्या दोन रात्री टेस्ट घेऊन खरा आकडा बघा आणि तेवढ्या वेळासाठी क्रॉनने (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणारी सोय) ६५ करा. पिंग बघून आकडा आपोआप वरखाली करणाऱ्या स्क्रिप्टही आहेत, पण आधी क्रॉन करून बघा, साधं आहे.

दुसरं: पीसी ठीक आहे. पडणं हेच त्याचं काम. पडलेलं पॅकेट टीसीपी पुन्हा पाठवतो, पोरांच्या पीडीएफमधलं एक अक्षरही हरवत नाही. आठवड्यात एकूण गेलेली पॅकेटं किती ते त्याच पानावर वर लिहिलं असेल, त्याच्याशी ४१ हजार ताडून बघा. आणि पूर्वी पांढऱ्या डब्यात जी पडायची ती तुम्हाला कोणी मोजून दाखवत नव्हतं, एवढंच.

अभ्यासिकावाला | मंगळवार, रात्री ९:१५

ताडून बघितलं. एकूण साडेदहा कोटी पॅकेटं गेली. म्हणजे दर अडीच हजारांत एक पडलं. बरं, मग तो आकडा बघणं बंद करतो.

क्रॉन लावलं, शनिवारी कळेल. वरच्या मजल्यासाठी केबल आणली आहे, उद्या ओढायची. ४१, तू उंच आहेस, सकाळी साडेपाचला ये शिडी धरायला. आणि येताना गेल्या महिन्याची फी.

खुर्ची_४१ | मंगळवार, रात्री ९:१६

काका, शिडीचं नक्की.